अभ्यासदौऱ्यानंतर गट सोडून एकटीने परत यायचं आहे – व्हिसा, तिकीट, सामान, घरापर्यंत

नौपाडा
भाची (वय २०) ठाण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑक्टोबरअखेर कॉलेजचा अभ्यासदौरा आहे. मिलान ३ रात्री, व्हिचेंझा २ रात्री, म्युनिक ३ रात्री, आणि म्युनिकहून सगळा गट मुंबईला परत. हिला मात्र तिथून पुढे श्टुटगार्टला आत्याकडे ४ रात्री राहायचं आहे (१९२७ ची व्हाइसेनहोफ वसाहत बघायची आहे) आणि मग एकटीने परत यायचं आहे. पहिलाच परदेश प्रवास. दौरा कंपनीमार्फत आहे, तिकीट आणि व्हिसा तेच करणार. पैसे अजून भरलेले नाहीत, व्हिसाचा अर्जही गेलेला नाही. कंपनी म्हणते, "व्हिसा ग्रुपबरोबर होऊन जाईल, परतीचं नंतर बघू." हे चालेल का? आणि आत्ताच काय काय करून ठेवायला हवं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

खाडीकाठ
नौपाडा, "नंतर बघू" हे अजिबात मान्य करू नका. तुम्ही योग्य वेळी विचारलंत, कारण या चार रात्रींनी व्हिसाचं गणितच बदलतं.

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा सामायिक व्हिसा. त्याचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करायचा असतो. गटाचे इटलीत ५ आणि जर्मनीत ३ मुक्काम, म्हणून कंपनी सगळ्यांचे अर्ज इटलीकडे देणार. भाचीचे जर्मनीत ३ अधिक ४, म्हणजे ७ होतात. तिचा मुख्य देश जर्मनी झाला. म्हणजे तिचा अर्ज गटाच्या गठ्ठ्यातून काढून स्वतंत्रपणे जर्मनीकडे द्यायला हवा. इटलीचा व्हिसा घेऊन जर्मनीत जास्त राहिलं तर लगेच कोणी पकडत नाही, पण अर्जात एक कार्यक्रम आणि प्रत्यक्षात दुसरा ही विसंगती प्रवेशाच्या वेळी किंवा पुढच्या अर्जात अंगावर येऊ शकते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या मर्यादा असतात. एक, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. दुसरी, मुक्कामाचे दिवस. तारखांच्या पट्ट्यात सहसा १५ दिवस जादा धरलेले असतात, म्हणजे विमान पुढेमागे झालं तरी अडचण होऊ नये. दिवसांचा आकडा मात्र अर्जात दाखवलेल्या मुक्कामाइतकाच असू शकतो. गटाच्या कागदांवर ८ रात्री म्हणजे ९ दिवस. स्टिकरवर ९ आला आणि मुलगी १३ दिवस राहिली, तर तारीख शिल्लक असूनही ते जास्त राहणंच ठरतं. आल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण मोजतात.

पूर्वी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून अधिकारी बोटं मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. दिवस यंत्रच मोजतं. एक दिवसही लपत नाही.

सदाफुली
खाडीकाठ, एक शंका. नियमात मुक्कामाची लांबी "किंवा हेतू" असंही आहे ना? दौऱ्याचा हेतू अभ्यास आहे, तो इटलीत जास्त आहे असं म्हणता येईल.

खाडीकाठ
म्हणता येईल, पण अभ्यासाचे ३ दिवस जर्मनीतही आहेत आणि श्टुटगार्टलाही ती वास्तू बघायलाच जाणार आहे. हेतूच्या आधारावर वाद घालण्यापेक्षा दिवसांचा सरळ हिशोब दाखवणं सोपं. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पहिलाच अर्ज असल्यामुळे बोटांचे ठसे द्यायला मुंबईच्या केंद्रात तिला स्वतः जावं लागेल. ऑक्टोबरसाठी अपॉइंटमेंट जुलै-ऑगस्टमध्येच घेऊन टाका. फी ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क.

अर्जाला कॉलेजचं पत्र दोन भागांचं मागून घ्या: अमुक तारखेपर्यंत विद्यार्थिनी दौऱ्यात आहे, त्यानंतर पालकांच्या संमतीने गट सोडून नातेवाइकांकडे जाणार आहे. सोबत आत्याचं निमंत्रणपत्र, आत्याच्या पत्त्याचा आणि तिथल्या वास्तव्याचा पुरावा, आणि पालकांचं खर्चाचं पत्र. जर्मनीत पाहुण्याच्या खर्चाची अधिकृत हमी परदेशी नागरिक कार्यालयात देता येते. आत्या ती देऊ शकली तर अर्ज भक्कम होतो.

पारिजात७
तिकिटाबद्दल लिहिते. गटाचं तिकीट सामूहिक भाड्यावर असतं, एका पीएनआरमध्ये वीस-तीस नावं. त्यातल्या एकाची परतीची तारीख बदलायची तर कंपन्यांच्या भाषेत त्याला "डेव्हिएशन" म्हणतात. ते मिळतं, पण तिकीट निघण्याच्या आधी मागितलं तरच, आणि गटातल्या ठरावीक जणांनाच. बहुतेक वेळा विमान कंपनी तीच आणि मार्गही तोच ठेवावा लागतो, फक्त तारीख बदलते. जादा दिवसाच्या भाड्यातला फरक भरायचा. त्यानंतर तिचा पीएनआर गटापासून वेगळा करून मागा. हे राहिलं तर पुढे गटाच्या वेळापत्रकात कंपनीने काही बदल केला की तिच्याही परतीला हात लागतो, शिवाय कळवलं जातं ते दौरा कंपनीला, तिला नाही.

वेगळा पीएनआर झाल्यावर विमान कंपनीच्या ॲपमध्ये तो उघडून बघा. तिचा मोबाइल नंबर आणि ईमेल तिथे घाला. सामूहिक तिकिटांवर एजंटचाच नंबर असतो, आणि विमान रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच जातो.

डेव्हिएशन नाही मिळालं तर तिचं अख्खं तिकीट वेगळं काढा: जाताना गटाच्याच विमानाने मुंबई–मिलान, येताना फ्रँकफर्ट–मुंबई. याला मल्टी-सिटी म्हणतात. दोन सुटी एकेरी तिकिटं घेण्यापेक्षा हे बरेचदा स्वस्त पडतं, कारण मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं दुहेरीच्या निम्मं नसतं.

घणसोलीकर
ग्रुपचं परतीचं तिकीट तसंच सोडून द्यायचं आणि परतीचं नवीन एकेरी घ्यायचं. सोपं काम. शेवटचा टप्पा वापरला नाही म्हणून दंड होत नाही.

पारिजात७
घणसोलीकर, शेवटचा टप्पा सोडला तर पुढे रद्द व्हायला काही उरत नाही, इतकं बरोबर आहे. उलटं कधी करू नये. जाण्याचा टप्पा चुकवला तर कंपनी परतीचाही रद्द करते. पण तुमच्या मार्गात तीन अडचणी आहेत. व्हिसाच्या अर्जाला परतीचं तिकीट लावावं लागतं, ते नव्या तारखेचं हवं. मिलानला उतरताना अधिकारी परतीचं तिकीट मागू शकतो, तेव्हा मोबाइलवर गटाचं दाखवलं आणि "त्या दिवशी मी जाणार नाही" म्हटलं तर प्रश्न वाढतात. आणि म्युनिकच्या काउंटरवर गटातलं एक नाव आलं नाही की सरांना खुलासे देत बसावं लागतं. नवीन तिकीट घेणारच असाल तर सोडून दिलेला टप्पा कंपनीला लेखी कळवून रद्द करा. विमानतळ कराचा काही भाग परत मिळू शकतो, मागितल्याशिवाय मिळत नाही.

मार्ग निवडताना आणखी एक. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. भारतीय पासपोर्टला तिथे विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि साधा शेंगेन व्हिसा त्यातून सूट देत नाही. पहिल्यांदा एकटी येणाऱ्या मुलीला थेट विमान हेच योग्य. चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील. मधे बदल असेलच तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळ्या तिकिटांवर सामान मधल्या विमानतळावर बाहेर घ्यावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं बुडालं ते आपलं.

तारखेचाही घोळ होतो. मध्यरात्रीनंतर १२:२० ला सुटणारं विमान "१४ च्या रात्रीचं" म्हणून डोक्यात बसतं, तिकिटावर १५ तारीख असते. लोक एक दिवस उशिरा विमानतळावर पोहोचतात.

मृण्मयी_क
विमा. गटाची पॉलिसी गट परतण्याच्या दिवशी संपते. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते पूर्ण मुक्कामाला लागू हवं, म्हणजे तिच्या १३ दिवसांना. मुदतवाढ पॉलिसी चालू असतानाच करता येते, संपल्यावर नाही. त्या भानगडीपेक्षा तिची स्वतंत्र पॉलिसी घ्या, दोन दिवस जास्तीची. विद्यार्थी गटांना कधी कधी सामायिक पॉलिसीचं एकच पान मिळतं. प्रत्येकाचं स्वतंत्र प्रमाणपत्र नावानिशी मागून घ्यायला हवं.

पासपोर्ट तिच्याजवळच हवा. शाळा-कॉलेजच्या दौऱ्यांत सर सगळ्यांचे पासपोर्ट एका पाऊचमध्ये ठेवतात. व्हिचेंझाहून म्युनिकला रेल्वेने जाताना सीमा ओलांडली जाते, आणि जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. डब्यात पोलीस येऊन पासपोर्ट मागतात. सर पाच डबे पलीकडे असले तर काय करणार? आणि म्युनिकला निरोप घेण्याच्या गडबडीत पाऊच गटाबरोबर विमानतळावर गेला, असंही होऊ शकतं.

पासपोर्ट हरवलाच तर क्रम असा. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार आणि तिची प्रत. मग म्युनिकचा भारतीय महावाणिज्य दूतावास, श्टुटगार्ट त्यांच्याच कार्यक्षेत्रात येतं. भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं, एकाच दिशेच्या प्रवासाचं. पासपोर्टबरोबर व्हिसाचा स्टिकरही गेलेला असतो, म्हणून बाहेर पडताना वैध प्रवेश दाखवायला स्टिकरची प्रत लागते. पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, व्हिसाचं पान, दोन फोटो हे कागदावर वेगळ्या बॅगेत आणि आत्याच्या व आईच्या ईमेलमध्ये. फक्त मोबाइलमध्ये नको, कारण मोबाइल आणि पासपोर्ट बहुधा एकाच पर्समध्ये असतात.

भारतीय सिम बंद करू नका. नेटसाठी ई-सिम घ्या, पण कार्डाचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. रोमिंगवर मेसेज येतो की नाही ते मिलानलाच, गट सोबत असताना, एखादं छोटं तिकीट काढून तपासावं. कार्डाच्या मशीनने "रुपयांत की युरोत?" विचारलं तर युरो. रुपयांत रूपांतराचा दर दुकानदाराची बँक लावते आणि तो महाग असतो. गटाची वर्गणी सरांकडे असेल तर तिचा हिशोब म्युनिकला उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी करून पैसे परत घ्यावेत. शेवटच्या दिवशी कुणाच्या हाती वेळ नसतो.

नौपाडा
मनापासून आभार सगळ्यांचे. कंपनीला आजच लेखी कळवलं: जर्मनीचा स्वतंत्र अर्ज आणि डेव्हिएशन. आता म्युनिक–श्टुटगार्ट आणि तिथून विमानतळ हा भाग कसा ठरवावा? आणि सामानाचं सांगा. मॉडेलची हत्यारं, ड्रॉइंगची नळी, पुस्तकं असं सगळं तिच्यासोबत असेल.

उपवन
म्युनिकमध्ये गट बहुधा पाच-पाच जणांच्या प्रादेशिक दिवस-तिकिटावर फिरेल. ते तिकीट पाच जण एकत्र असतानाच चालतं, वर नावं लिहायची असतात. गटातून वेगळी झाली की त्या तिकिटावर तिचा हक्क संपला. विनातिकीट म्हणून ६० युरो दंड होतो. श्टुटगार्टचं तिचं तिकीट स्वतंत्र, तिच्या नावावर हवं. म्युनिक ते श्टुटगार्ट जलद गाडीने दोन तासांहून थोडं जास्त.

स्वस्त आगाऊ तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली तर तिकीट गेलं. मात्र रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ती अट सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची समजूत डोक्यातून काढा. श्टुटगार्ट स्टेशनचं मोठं बांधकाम वर्षानुवर्षं चालू आहे, फलाटापर्यंत बॅग ओढत बरंच चालावं लागतं. अर्धा तास आधी पोहोचावं.

श्टुटगार्टहून फ्रँकफर्ट विमानतळापर्यंत थेट जलद गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत, लांब पल्ल्याचं आणि स्थानिक. तिची गाडी लांब पल्ल्याच्या स्टेशनात येईल. आता मुख्य मुद्दा: रेल्वेचं तिकीट वेगळं काढलं आणि गाडी उशिरा पोहोचून विमान चुकलं, तर रेल्वे विमानाचे पैसे देत नाही. लुफ्थान्साच्या तिकिटात श्टुटगार्ट–फ्रँकफर्ट रेल्वे हा टप्पा विमानाच्या क्रमांकासारखाच जोडून घेता येतो. तसं केलं तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी कंपनीची. फक्त मग तो रेल्वेचा टप्पा वापरायलाच हवा, आत्याने गाडीने सोडलं म्हणून टाळायचा नाही. सुटं तिकीट घ्यायचं ठरलं तर विमानाच्या साडेचार-पाच तास आधी विमानतळावर पोहोचणारी गाडी धरा, म्हणजे ती रद्द झाली तरी पुढची हाताशी राहते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. मोबाइल स्वतः बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. घरून फोन करण्याच्या वेळाही बदला.

सदाफुली
सामान: गटात एकत्र चेक-इन होतं तेव्हा एकाचं २६ किलो दुसऱ्याच्या २० किलोत कधी कधी खपून जातं. एकटीला ते नाही. एका बॅगेची मर्यादा २३ किलो असेल तर २३ च. दौऱ्यात गोळा झालेली माहितीपत्रकं आणि पुस्तकं पटकन पाच-सहा किलो होतात. जड पुस्तकं म्युनिकला गटातल्या मैत्रिणीच्या बॅगेत देऊन टाकावीत. उलट मात्र करू नये. "तू नंतर येतेस, माझी ही पिशवी घेऊन ये" असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणावं. बॅगेत काय आहे याची जबाबदारी जिची बॅग तिची.

कटर, त्याची सुटी पाती, कंपास, धातूची पट्टी हे चेक-इन बॅगेत, पाती डबीत बंद करून. फेव्हिक्विकसारख्या गोंदाची नळी आणि स्प्रे गोंद तिथेच टाकून यावेत. ड्रॉइंगची नळी हातसामानातला एक नग म्हणून मोजली जाऊ शकते, आधी विचारून घ्या. पॉवर बँक फक्त हातसामानात. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगीची गरज नसते. हिशोब: मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ भागिले १०००. २०,००० ची पॉवर बँक ७४ येते, चालते. आकडा पुसला गेलेला असेल तर काढून घेतात. विमानात ती वापरायला काही कंपन्यांनी आता बंदी घातली आहे, म्हणून मोबाइल आधीच भरून ठेवा. टॅक्सीसाठी तो मुंबईत लागणार आहे.

मृण्मयी_क
खरेदीवरचा कर परत मिळवायचा असेल तर: जर्मनीत एका बिलाला ५० युरोपेक्षा जास्त, इटलीत ७० युरोपेक्षा जास्त खरेदी हवी. फॉर्मवर तिचं नाव आणि तिचाच पासपोर्ट क्रमांक. गटात एकाच्या नावावर सगळ्यांची खरेदी केली तर तो माणूस चार दिवस आधी परतलेला असतो आणि वस्तू हिच्याकडे, म्हणजे परतावा गेला. इटलीतल्या बिलांवरही शिक्का शेवटच्या युरोपीय विमानतळावर, फ्रँकफर्टलाच घ्यायचा. वस्तू न वापरलेल्या आणि दाखवता येतील अशा हव्यात. त्या मोठ्या बॅगेत असतील तर काउंटरवर सांगायचं. बॅगेला पट्टी लावून ती परत देतात, ती कस्टमला दाखवून तिथेच सोपवायची. हे लक्षात न घेता बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला काहीच उरत नाही. वेळ लागतो. रक्कम २०-२५ युरोची असेल तर पहिल्या एकट्या प्रवासात हा खटाटोप सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत.

मुंबई कस्टम: १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आहे. महागडा कॅमेरा इथून नेणार असाल तर जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, किमान खरेदीचं बिल मोबाइलमध्ये ठेवा. साइटच्या चित्रणासाठी विद्यार्थी तिकडे ड्रोन घेतात. ड्रोन आणूच नये, आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

खाडीकाठ
उशीर झाला तर काय, हे राहिलं. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तिथला प्रवासी हक्क कायदा लागू आहे. फ्रँकफर्ट–मुंबई हे ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर. कंपनीच्या दोषाने विमान रद्द झालं किंवा खूप उशिरा पोहोचलं तर भरपाई ६०० युरोपर्यंत. वादळ, हवाई नियंत्रण अशा कारणांना भरपाई नाही, पण जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावंच लागतं. गटात हे सर मागतात. एकट्या विद्यार्थ्याने स्वतः काउंटरवर जाऊन मागायचं. कारण लेखी घ्या, बोर्डिंग पास टाकू नका.

मुंबईला बॅग आली नाही तर पट्ट्याजवळच्या कंपनीच्या काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीचा फॉर्म) भरल्याशिवाय बाहेर पडू नका. बाहेर पडल्यावर परत आत जाणं अवघड. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची मिळाल्यापासून २१ दिवसांत. पीआयआरवर पत्ता ठाण्याचा, पिनकोडसह, आणि घरच्यांचा दुसरा मोबाइल नंबर.

घणसोलीकर
तिकीट बघताना कोड नीट बघा. बीओएम म्हणजे सहार. एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा नवा विमानतळ, २५ डिसेंबर २०२५ ला देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झालेला. दिल्लीमार्गे यायचं ठरलं तर शेवटचा टप्पा कुठे उतरतो ते पाहूनच घ्यायला जा. घरचे सहारला आणि मुलगी उलव्याला, असं नको.

उपवन
सहार टी-२ ते ठाणे. दिवसा उतरली आणि सामान एकच बॅग असेल तर मेट्रो खरंच चांगली: टी-२ स्टेशनवरून अ‍ॅक्वा लाइनने आरेच्या दिशेला एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथे वर्सोवा–घाटकोपर मेट्रोत बदल, चौथं स्टेशन घाटकोपर. पुढे मध्य रेल्वेची लोकल. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ बॅग घेऊन घाटकोपरच्या पुलावर जाऊ नये.

विमान मध्यरात्रीनंतर उतरलं तर मेट्रो बंद आणि लोकलही बंद. प्रीपेड टॅक्सीची खिडकी आतच आहे, पावती घेऊन बाहेर पडा. ॲपची गाडी घेतली तर ठरलेल्या पिकअप जागेवरच जा. दारात "ठाणा, ठाणा" करत येणाऱ्यांबरोबर जाऊ नका. रस्ता जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवरून पूर्व द्रुतगती मार्ग आणि मग ठाणे. घोडबंदरला कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्यांनी गायमुख घाटाच्या दुरुस्तीची सूचना त्या आठवड्यात आहे का ते पाहावं, नाहीतर ड्रायव्हर वर्सोवा पुलाच्या बाजूने नेतो आणि तिथे अडकतो.

घणसोलीकर
ऐरोली, घणसोलीकडच्यांनी मुलुंड–ऐरोली पुलावरून, वाशी, नेरुळ, खारघरच्यांनी चेंबूर–मानखुर्दवरून. लोकलने यायचं तर घाटकोपरहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर.

ड्रायव्हरने मुलुंड, ऐरोली किंवा वाशी नाक्याचा टोल मागितला तर देऊ नका. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. विमानतळाचं पार्किंग किंवा पिकअप शुल्क वेगळं असतं, ते बिलात दिसतं.

नौपाडा
कंपनीचं उत्तर आलं. डेव्हिएशन मिळेल, पण परतीचं विमान म्युनिकहूनच, मार्गात बदल नाही. म्हणजे श्टुटगार्टहून पुन्हा म्युनिक. हे घ्यावं की मल्टी-सिटी?

पारिजात७
विमान थेट आहे आणि दुपारनंतरचं असेल तर डेव्हिएशन घ्या. श्टुटगार्ट–म्युनिक दोन तास, पुढे म्युनिक मुख्य स्थानकावरून विमानतळाला एस-१ किंवा एस-८ लोकल. या लोकलला पाऊण तास धरा. एस-१ मधे दुभंगते, तिचा एकच भाग विमानतळाला जातो. डब्यावरची पाटी वाचून बसायला सांगा, किंवा सरळ एस-८ घ्यायला सांगा. विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री म्युनिकला राहावं लागेल. ती रात्र हॉटेलच्या बुकिंगसह व्हिसाच्या कागदांत दाखवा आणि मुक्कामाचे दिवस पुन्हा मोजा.